ख्रिस्ती कादंबरी कशी वाचावी, कशी पारखावी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची उपासना संपली की मागच्या भिंतीजवळचं लोखंडी कपाट उघडतं. दीडशेच्या आसपास पुस्तकं आहेत. काही एका पाळकसाहेबांनी बदली होऊन जाताना ठेवलेली, काही नागपूर-यवतमाळहून आणलेली, काही कुणाच्या आजोबांच्या पेटीतून निघालेली. यवतमाळला १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, होती, पुढे ती पुण्याला गेली. आमच्या कपाटातली जाड पुठ्ठ्याची जुनी पुस्तकं त्या काळातली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

मागच्या नाताळच्या सुट्टीत बारावीची एक पोरगी कपाटापाशी उभी राहून कादंबरी चाळत होती. मधेच मान वर करून तिनं विचारलं, ‘‘मॅडम, हे खरं हाय काय?’’

‘हो’ म्हणावं तर कादंबरी रचलेली. ‘नाही’ म्हणावं तर तिच्या लेखी पुस्तक खोटं ठरणार, आणि ती ते परत ठेवून देणार. मी तिला बाकावर बसवलं आणि जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. श्रद्धेची पुस्तकं नव्यानं वाचायला घेणाऱ्यांसाठी हे आहे. ख्रिस्ती नसलेल्या, पण उत्सुकतेनं असं पुस्तक उघडणाऱ्या वाचकालाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी वाण ओळखा

बियाण्याचं पाकीट घेताना आपण नुसतं चित्र बघून पैसे देत नाही. वाण कोणता, लॉट नंबर काय, मुदत कधीपर्यंत, हे उलटून-पालटून बघतो आणि बिल मागून घेतो. पुस्तकाची पहिली दोन पानं म्हणजे त्या पाकिटाची मागची बाजू. तिथे लेखक कोण, मूळ भाषा कोणती, अनुवाद कुणाचा, साल कोणतं, प्रकाशन कुणाचं, पुस्तक पूर्ण आहे की संक्षिप्त, हे सगळं असतं. नसेल तर तीही एक माहितीच समजा. फुकट वाटलेल्या पुस्तकावर छापणाऱ्याचं नावच नसेल, तर मी ते पुस्तक जरा बाजूला ठेवून वाचते.

मग बघायचं की हे पुस्तक आहे तरी काय. रचलेली कादंबरी आहे? शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, माणसांवर बेतलेली गोष्ट आहे? कुणाचं आत्मचरित्र किंवा साक्ष आहे, म्हणजे ‘हे माझ्या बाबतीत घडलं’ असा दावा आहे? की रूपककथा आहे? प्रत्येकाला विचारायचा प्रश्न वेगळा. जॉन बन्यनची यात्रेकरूची रूपककथा १६७८ ची, आणि हरि केशवजींनी ती १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणली. त्यात यात्रेकरू निराशेच्या दलदलीत रुततो. ती दलदल नकाशात शोधायची नसते. आपण कधी रुतलो होतो ते आठवायचं असतं. याउलट एखादी बाई ‘माझा मेलेला मुलगा अमुक साली उठून बसला’ असं लिहीत असेल, तर तिथे गाव, साल, माणसं विचारायलाच हवीत. त्या पोरीच्या हातात कादंबरी होती. तिला मी म्हटलं, यातली माणसं रचलेली आहेत, पण त्यांचं वागणं खरं वाटतं का ते तू वाचून मला सांग.

पहिल्यांदा वाचताना पेन्सिल खाली ठेवा

नव्या वाचकांची, आणि मंडळीतल्या जाणत्या माणसांचीही, एक घाई असते. पहिल्या पानापासून शिकवण शोधायची. कुठे चुकलं, कुठे वचन आलं, नायक कधी गुडघे टेकतो. अशा वाचनात गोष्ट हातातून निसटते.

शास्त्रातल्या दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय काढून बघा. दावीद राजानं उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला युद्धात मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे जातो, पण आरोप करत नाही. एक गोष्ट सांगतो. एका गरिबाजवळ एकच मेंढी होती, त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या कुशीत निजायची. गावातल्या श्रीमंतानं पाहुण्यासाठी स्वतःच्या कळपाला हात न लावता तीच नेऊन कापली. दावीद गोष्टीत इतका गुंततो की संतापून शिक्षाच ठोठावतो. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीद आधीपासूनच ‘यात माझ्यासाठी काय उपदेश आहे’ म्हणून सावध बसला असता तर ही गोष्ट त्याला लागली असती का?

म्हणून पहिलं वाचन दावीदासारखं करा. रागवा, रडा, रात्री कंदील विझवायला उशीर होऊ द्या. पुस्तक तुम्हाला धरूनच ठेवत नसेल, चाळीस पानांनंतरही पुढे काय होईल याची ओढ नसेल, तर त्यातली शिकवण कितीही शुद्ध असो, कादंबरी म्हणून ते कच्चं आहे. तसं म्हणायला भिऊ नका. देवाचं नाव आहे म्हणून सुमार लिखाणाला चांगलं म्हणणं हा देवाचा मान नव्हे.

उलटही होतं. ‘यात येशूचं नावच कमी येतं’ म्हणून एखादी चांगली कादंबरी लोक परत आणून देतात. त्यांना मी एस्तेरचं पुस्तक वाचायला सांगते. इब्री मूळ पाठात त्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

दुसऱ्या वाचनाला शास्त्र उघडून बसा

ही पायरी मुख्यतः शास्त्रातल्या प्रसंगांवर रचलेल्या पुस्तकांसाठी. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला ‘शास्त्रात आहे’, उजव्या बाजूला ‘लेखकानं घातलं’. आता प्रसंगागणिक नोंद करत चला.

नाताळच्या गोष्टीचंच बघा. पुस्तकात तीन राजे उंटांवरून येतात. सराईचा मालक मान हलवून जागा नाही म्हणतो, त्याच्या बायकोला दया येते. आता मत्तयाचा दुसरा अध्याय वाचा. पूर्वेकडून मागी लोक, म्हणजे तारे बघणारे ज्ञानी, आले असं आहे. ते तीन होते असं कुठेच नाही. तीन आहेत त्या देणग्या: सोनं, ऊद आणि गंधरस. उंट नाहीत, राजेही नाहीत. लूकच्या दुसऱ्या अध्यायात उतारशाळेत जागा नव्हती एवढं एक वाक्य आहे. मालक नाही, त्याची दयाळू बायको तर नाहीच. एदेन बागेतल्या फळाचं नाव उत्पत्तीत दिलेलं नाही, सफरचंद नंतर आलं. योनाला गिळतो तो ‘मोठा मासा’, देवमासा असं तिथे म्हटलेलं नाही.

ही यादी बघून आमच्या मंडळीतल्या एका दादांनी पुस्तकावर ‘खोटे’ असं लिहूनच ठेवलं होतं. मी त्यांना म्हटलं, दादा, भर घालणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे कॅथलिक धर्मगुरू, गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचं क्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही मराठीची थोरवी सांगणारी ओवी त्यातलीच. त्यांनी शास्त्राचा शब्दाला शब्द अनुवाद केला नाही. इथल्या माणसाच्या कानाला ओळखीची असलेली पुराणाची चाल घेतली आणि कथा सांगितली. भर घालायला लेखक मोकळा आहे. बघायचं ते हे, की उजव्या बाजूची भर डाव्या बाजूला जुळते की तिला खोडून काढते.

याचं एक उदाहरण मला फार टोचतं. मग्दालीया मरीयेला कादंबऱ्यांमधून सर्रास वेश्या केलेलं असतं. चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची पुस्तकं, उघडा. लूकच्या आठव्या अध्यायात तिच्यातून सात भुतं निघाली होती असं आहे. ती वेश्या होती असं कुठेही नाही. उलट ती आपल्या पैशांतून येशूच्या कामाला मदत करणाऱ्या बायकांमध्ये आहे, वधस्तंभापाशी आहे, आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू पहिल्यांदा तिलाच भेटतो. त्या बाईच्या माथी लेखकानं न केलेलं पाप मारलं, तर ती भर म्हणजे चुगली. खेड्यात बाईबद्दल अशी एक गोष्ट उठली की ती जन्मभर मागे लागते, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. म्हणून वहीत अशा जागी मी लाल शाईनं खूण करते.

एक सूचना कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वाचकांसाठी. प्रॉटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तकं, कॅथलिक शास्त्रात ७३. तोबित किंवा मक्काबी यांचा उल्लेख आला की ‘हे शास्त्रात नाही’ म्हणून पुस्तक चुकीचं ठरवू नका. लेखक कुठल्या परंपरेतला आहे ते आधी बघा.

दुःखाची पानं मोजा

माझ्या लेखी सगळ्यात मोठी कसोटी हीच. ती मला पुस्तकांतून समजली नाही, माझ्या चुकीतून समजली.

आमच्या वस्तीतल्या एका बाईचा नवरा गेला. दोन सालं पऱ्हाटी बुडाली होती, तिसऱ्या साली बोंडअळी. कर्ज किती होतं ते तिला तो गेल्यावर समजलं. महिन्याभरानं मी तिला कपाटातली एक कादंबरी नेऊन दिली. अनुवादित होती, मुखपृष्ठावर पिकलेलं शेत होतं, दुष्काळातल्या एका कुटुंबाची गोष्ट होती. मी ती पूर्वी वाचली होती, आवडलीही होती. तिला धीर येईल असं मला मनापासून वाटलं. चौथ्या दिवशी ती पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘‘बाई, या पुस्तकातल्या बाईनं प्रार्थना केली अन् पाऊस आला. म्याबी केल्ती.’’

मी तिला आत ये म्हणायलाही विसरले.

त्या रात्री ती कादंबरी पुन्हा काढली आणि पानं मोजली. पीक जळतं त्या पानापासून पाऊस येतो त्या पानापर्यंत नऊ पानं. नऊ पानांत शंका, अश्रू, प्रार्थना, पाऊस आणि आभारप्रदर्शन. मी सुखात असताना वाचली होती, म्हणून ते कमीपण मला दिसलं नव्हतं.

मग ईयोबाचं पुस्तक घेऊन बसले. बेचाळीस अध्याय. त्याची गुरंढोरं, लेकरं, अंगाची कातडी, सगळं पहिल्या दोन अध्यायांत जातं. देव बोलतो तो अडतिसाव्यात. मधले पस्तीस अध्याय नुसतं विलाप, वाद, राग. त्याचे तीन मित्र येतात तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यावर ते जी घाईची उत्तरं देतात, त्यांबद्दल शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावतो. आणि स्तोत्र ८८ वाचा. ते तर अंधारापाशीच थांबतं, पुढे आशेची एक ओळही नाही. तरी ते स्तोत्रांत ठेवलेलं आहे आणि उपासनेत वाचायला मुभा आहे.

तेव्हा कादंबरी हातात आली की मी आता असं करते. मोठं दुःख कुठे येतं ते पान लिहून ठेवते. पात्राला उत्तर मिळतं ते पान लिहून ठेवते. मधल्या पानांत काय आहे ते नीट वाचते. त्या पात्राला देवावर रागावायला जागा दिली आहे का? त्याची बाजू जोरकस मांडली आहे, की लेखकाला पटकन खोडता यावी म्हणून लुळीपांगळी मांडली आहे? त्याच्याजवळ कुणी नुसतं बसलं का? आणि उत्तर म्हणून जे येतं ते पाऊस, नोकरी, मूल, बरं झालेलं दुखणं असंच असतं का? ज्याला हे मिळालं नाही त्या वाचकानं ते पान वाचून काय समजायचं? आपली श्रद्धा कमी पडली, असं? जे पुस्तक न सांगता हे सांगून जातं, ते दुःखी माणसाच्या हाती देऊ नये. सुखी माणसालाही सांगून द्यावं.

पानं किती हवीत याचं माप नाही. दोन पानांत खरं दुःख लिहिणारे लेखक आहेत. पण घाई ओळखू येते. एकदा मोजायची सवय लागली की फार लवकर ओळखू येते.

शेजाऱ्यासमोर वाचता येईल का

आमच्या गावात बौद्ध वस्ती आहे, कुणबी-तेली घरं आहेत, पाच-सहा मुसलमान घरं आहेत. मंडळीची घरं मोजकीच. पेरणीला, लग्नाला, मयताला सगळे एकमेकांकडे जातात. मग कादंबरीत ख्रिस्ती नसलेला प्रत्येक माणूस दारुडा, लबाड किंवा अंधारात चाचपडणारा असेल, तर त्या लेखकानं माणसं बघितलेली नाहीत एवढंच मी म्हणेन.

सोपा उपाय सांगते. असं एक पान निवडा आणि मनात शेजारच्या घरच्या काकाजींना समोर बसवा, ज्यांनी तुमच्या बापाच्या मातीला खांदा दिला. त्यांच्यासमोर हे पान मोठ्यानं वाचाल का? जीभ अडखळली तर त्या जागी खूण करा.

येशूनं सांगितलेली शोमरोन्याची गोष्ट आठवा, लूकच्या दहाव्या अध्यायातली. रस्त्यात लुटून पडलेल्या माणसाला ओलांडून याजक जातो, लेवी म्हणजे मंदिरातला सेवक जातो. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांना नको असलेल्या समाजातला. त्यानं नायक बाहेरचा निवडला.

जुन्या पुस्तकांना मात्र त्यांच्या काळात ठेवून वाचा. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांपैकी. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि वाटेत एकेका विधवेची कहाणी समोर येते. आजच्या वाचकाला त्यातली धर्मचर्चा लांबलेली वाटेल, हिंदू चालीरीतींवरची टीका कडक वाटेल, आणि ते म्हणणं रास्त आहे. पण केस काढलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या बाईला बोलायला जागा देणारं ते पुस्तक आहे, आणि तेही १८५७ साली. दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत लिहाव्यात. चांगल्या पुस्तकाला दोष असतात, दोष दिसले म्हणून त्याचं मोल जात नाही.

साक्षीच्या पुस्तकांना बिल मागा

खऱ्या घटनेवर आधारित असं छापलेलं असलं की आपला हात सैल होतो. २०१० साली अमेरिकेत एक पुस्तक आलं. अपघातानंतर स्वर्ग बघून आलेल्या मुलाची हकिगत म्हणून ते खूप खपलं. २०१५ साली त्याच मुलानं जाहीर केलं की आपण स्वर्गात गेलो नव्हतो, लोकांचं लक्ष जावं म्हणून तसं सांगितलं. प्रकाशकानं पुस्तक मागे घेतलं. तो तेव्हा लहान होता, त्याला मी बोल लावत नाही. पण मधल्या पाच वर्षांत किती जणांनी त्यावर प्रवचनं केली असतील.

बरं होण्याच्या साक्षीत एक गोष्ट मी डोळ्यांत तेल घालून बघते. औषध सोडलं म्हणून बरं झालो, असं कुठे आहे का? क्षयाच्या गोळ्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. मधेच सोडल्या तर रोग बळावून परततो. साप चावल्यावर दवाखान्यात पोचायला लागणारा प्रत्येक मिनिट मोलाचा असतो. असं पुस्तक मी कपाटात ठेवतच नाही. लूक स्वतः वैद्य होता, पौलानं कलस्सैकरांच्या पत्रात त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे. मिशनवाल्यांनी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरीला दवाखाना उभारला तोही याच श्रद्धेतून.

दुसरी गोष्ट पैशांची. ‘बी पेरा’ म्हणजे अमुक पत्त्यावर पैसे पाठवा, शंभरपट मिळेल, असं सांगणारी पुस्तकं खेड्यापाड्यांत पोचली आहेत. शंभरपट हा शब्द मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला, पेरणाऱ्याच्या दाखल्यातला. तिथे कुठे शंभरपट, कुठे साठपट, कुठे तीसपट पीक येतं, आणि वाटेवरचं पाखरं खातात, खडकाळ जागेतलं करपतं. ते बी म्हणजे काय हे लूक ८:११ मध्ये येशूच सांगतो: देवाचं वचन. नोटा नाहीत. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला हे वाचायला देणं मी अन्याय समजते.

जगाच्या अंताच्या कादंबऱ्या पोरं आवडीनं वाचतात. १९९५ पासून इंग्रजीत अशी सोळा पुस्तकांची एक मालिकाच आली. वाचा, पण प्रकटीकरणाचा, म्हणजे शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकाचा, अर्थ लावण्याच्या अनेक रीती मंडळीत पहिल्यापासून आहेत आणि कादंबरीनं त्यातली एक उचललेली असते, एवढं ध्यानात ठेवा.

भाषा कानानं तपासा

एक पान मोठ्यानं वाचा. घरातली माणसं अशी बोलतात का? अनुवादित पुस्तकांत आई लेकराला ‘प्रिय, मला तुझा अभिमान आहे’ म्हणते आणि सासू सुनेशी पत्र लिहिल्यासारखी बोलते. अशा भाषेत गोष्ट मनात उतरत नाही. अनुवाद चांगला असला की वाक्य वाचणाऱ्याच्या तोंडात अडत नाही.

मराठी श्रद्धेचं लिखाण किती जिवंत असू शकतं हे बघायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. ती कादंबरी नाही, आत्मकथा आहे, १९३४ पासून चार भागांत आलेली. पण कादंबरी पारखायची तर हे माप हाताशी हवं. आपल्याला ती जवळची वाटायला आणखी एक कारण आहे. लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांचे नागपूरचे दिवस त्यात आहेत, आणि राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला तो प्रसंगही. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. दोघं काही वर्षं वेगळी राहिली. बाईंचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, १९०० साली. त्या मधल्या काळाचं दुःख, चिडचिड, सोवळ्याचा पीळ हळूहळू सुटणं, हे त्या झाकत नाहीत आणि नवऱ्याचे दोषही लपवत नाहीत. दुःखाची पानं मोजायची सवय लागली असेल, तर इथे मोजून बघा.

हे पुस्तक ख्रिस्ती दुकानातच मिळतं असं नाही. तालुक्याच्या वाचनालयात विचारा.

कुठून सुरू करावं, दुसऱ्याला काय द्यावं

अगदी नव्या वाचकाला मी आधी रूथचं पुस्तक वाचायला देते. चारच अध्याय. सरवा वेचायला गेलेल्या परक्या सुनेची गोष्ट. ज्वारीच्या वावरात मागं राहिलेली कणसं वेचणारी बाई आपण पाहिलेली असते, त्यामुळे काही समजावून सांगावं लागत नाही. त्यात नामी, तिची सासू, म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. तिला कुणी गप्प करत नाही. मग उधळ्या पुत्राचा दाखला, लूकचा पंधरावा अध्याय. थोरला भाऊ अंगणात रुसून उभा आहे आणि बाप त्याला समजावतो आहे, तिथेच गोष्ट थांबते. तो आत गेला का, हे येशू सांगत नाही. या दोन गोष्टी नीट वाचल्या की कादंबरीत लेखकानं शेवटच्या पानावर सगळ्या गाठी घट्ट बांधल्या आहेत की वाचकासाठी काही मोकळं ठेवलं आहे, ते आपोआप दिसायला लागतं. त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’, आणि मग हवी ती कादंबरी.

दुसऱ्याला पुस्तक देण्याआधी उगवणशक्ती बघा. जूनच्या आधी आपण घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही. ते शंभर दाणे आपण पोत्याच्या वरूनच घेत नाही. वरचे, मधले, तळाचे घेतो. पुस्तकाचंही तसंच करा. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर सुरुवात, मधला सगळ्यात वाईट प्रसंग आणि शेवटचा अध्याय, एवढं तरी स्वतः वाचल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. आणि कोणाला देतो आहोत हे आधी बघा, पुस्तक कोणतं ते नंतर.

कपाटाजवळ मी एक दोनशे पानी रजिस्टर ठेवलं आहे. पुस्तक परत करणाऱ्यानं तीन ओळी लिहायच्या. गोष्ट कशी वाटली, शास्त्राशी जुळली का, आणि कोणाला देऊ नये. तिसरी ओळ सगळ्यात कामाची, ती कुणी चुकवू नये असा माझा आग्रह असतो. लिहिता येत नसेल तर मी लिहून घेते. त्या दुष्काळाच्या कादंबरीपुढे मी माझ्या हातानं लिहिलं आहे: ‘गोष्ट ओघवती. शास्त्राला सोडून नाही. ज्याचं पीक आणि माणूस गेलं आहे त्याला देऊ नये.’

ती बाई पुढे वर्षभर कपाटाकडे फिरकली नाही. मागच्या पोळ्याच्या सुमाराला आपणहून आली आणि म्हणाली, असं काही असलं तर द्या ज्यात पाऊस येत नाही. मी ‘स्मृतिचित्रे’ दिली. दिवाळी झाल्यावर तिनं ती परत आणली. कोपरे दुमडलेले होते, एका पानाला हळदीचा डाग होता. रजिस्टरमध्ये तीन ओळी लिहा म्हटलं तर तिनं एकच लिहिली, तीही खूप वेळ पेन धरून: ‘या बाईले राग येते.’